बाईंना घरी मरायचं नव्हतं

आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर अगदी खाली एक रकाना आहे, 'शेवटचा काळ कुठे घालवायची इच्छा'. बाईंच्या फॉर्मवर तिथं मी 'घर' लिहिलं, तारीख टाकली, सही केली आणि फाइल बंद केली. बाईंना विचारलंच नव्हतं. मुलानं सांगितलं, मी लिहिलं. हे प्रकरण लिहायला बसले ते मुख्य त्या एका शब्दासाठी, बाकीचं त्याच्या मागून येईलच.

मी नागपुरात पॅलिएटिव्ह होमकेअरची नर्स आहे, चौदा वर्षं झाली. म्हणजे ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांच्या घरी जायचं, दुखणं, उलट्या, जखमा, झोप, आणि घरच्यांची भीती, हे सगळं बघायचं. घरच्यांची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदललेत, आजाराचे आणि बोलण्याचे नाही.

वय ७६, मनपाच्या शाळेतून रिटायर झालेल्या शिक्षिका, राहायला इंदोऱ्याकडे. वस्तीत अर्ध्याहून जास्त लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेच्या क्लार्कपर्यंत सगळे त्यांना 'बाई'च म्हणायचे, सून सुद्धा लोकांसमोर बोलताना 'बाई' म्हणायची आणि घरात 'आई'. नवरा मिलमध्ये होता, जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात मोठा मुलगा, सून आणि बारावीला असलेली नात. धाकटा मुलगा पुण्याला, मुलगी कामठीला दिलेली. दोन खोल्या खाली, एक वर, संडास-बाथरूम मागच्या अंगणात, सहा पायऱ्या उतरून. त्या सहा पायऱ्या लक्षात ठेवा.

सप्टेंबर २०२४ च्या शेवटी डोळे पिवळे झाले, लघवी गडद, अंगभर खाज. सगळ्यांना वाटलं कावीळ, कोणीतरी झाडपाल्याचं औषध आणून दिलं त्यात दोन आठवडे गेले, मग सोनोग्राफी, मग सीटी, आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागात गाठ निघाली, लिव्हरवरही डाग. बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर. ऑपरेशनची वेळ गेलेली होती. गाठीनं पित्ताची नळी दाबली होती तिथं एन्डोस्कोपीनं प्लॅस्टिकचा स्टेंट टाकला, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, पिवळेपणा उतरला, खाज थांबली, आणि घरात वाटलं की आई बरी झाली. या आजारात हा टप्पा फार फसवा असतो, रंग सुधारतो आणि गाठ आपलं काम करत राहते. केमोचा विषय निघाला, धाकट्याचं म्हणणं मुंबईला न्यायचं, मोठ्याचं म्हणणं इथंच करायचं, आणि बाईंचं म्हणणं काय ते कोणी विचारलं नव्हतं कारण बाईंना 'माहीतच नव्हतं'.

मी पहिल्यांदा गेले नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मुलानं मला दारातच गाठलं, गेटच्या बाहेर, आवाज हळू करून म्हणाला, "सिस्टर, आईसमोर कॅन्सर शब्द नका काढू, तिला कावीळ सांगितली आहे. आणि तिला शेवटपर्यंत घरीच ठेवायचं आहे आम्हाला, दवाखान्यात बेवारशासारखं नाही." मी मान हलवली. खरं सांगते, मला बरंच वाटलं, कारण इतकी वर्षं आम्ही हेच तर सांगत फिरतोय ना, की शेवटचे दिवस आयसीयूत नळ्या लावून नका काढू, घरी ठेवा, आपल्या माणसांत ठेवा. इथं घरचेच म्हणत होते. रकाना भरला.

आत बाई पलंगाच्या कडेला बसून पुढं टेबलावर उशी ठेवून त्यावर वाकलेल्या. स्वादुपिंडाच्या दुखण्याची ही खूण आहे, आडवं झालं की पाठीत आरपार कळ जाते, पुढं वाकून बसलं की थोडं सुसह्य होतं. त्या तशाच झोपत होत्या, पंधरा दिवस. मुलगा चहाचं बघायला आत गेला तेवढ्यात मान न उचलता मला म्हणाल्या, "रिपोर्ट मी वाचला आहे. कपाटामागं ठेवते तो. चौथीत गणिताचा पेपर पण तिथंच लपवत होता. त्याला सांगू नको मले माहीत आहे म्हणून, रडते तो."

म्हणजे आई मुलाला सांभाळत होती आणि मुलगा आईला, दोघं एकाच छपराखाली एकमेकांपासून तोच कागद लपवत होते. हे आम्ही दर दुसऱ्या घरात बघतो, तरी दर वेळी गलबलून येतं.

आधी दुखणं. शून्य ते दहामध्ये किती, विचारलं तर म्हणाल्या आठ, आणि रात्री 'पेपराबाहेरचं'. ट्रॅमाडॉल सुरू होतं ते पुरत नव्हतं. मॉर्फिन सुरू करायचं ठरलं, आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं, आणि घरात एकदम शांतता. मुलाला वाटलं मॉर्फिन म्हणजे शेवट आला, शेजारच्या काकांनी सांगितलं सवय लागते, गर्दसारखं असते. आता याला काही अंशी आपला कायदा पण जबाबदार आहे, १९८५ च्या नार्कोटिक्सच्या कायद्यामुळे मॉर्फिन ठेवायला इतके परवाने लागायचे की बहुतेक दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं, डॉक्टरांच्या पिढ्या ते न हाताळताच मोठ्या झाल्या. २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, मान्यता असलेल्या संस्थेतून गोळी मिळते, महागही नाही, पण लोकांच्या मनातली भीती दुरुस्त व्हायला वेळ लागतो. कॅन्सरच्या दुखण्यासाठी मोजून, वेळेवर घेतलेल्या मॉर्फिननं माणूस नशेबाज होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतो, त्यामुळे पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावंच लागतं, हे कोणी विसरलं की पेशंट दुखण्यापेक्षा त्यानंच हैराण होतो.

बाईंची अडचण वेगळीच निघाली. त्यांना सवयीची भीती नव्हती, गुंगीची होती. रोज संध्याकाळी पाच वाजता वस्तीतली आठ-दहा पोरं त्यांच्याकडे बसायची, पाढे, शुद्धलेखन, फुकटात, रिटायर झाल्यापासून. आजारात आकडा चारवर आला होता पण वर्ग बंद नव्हता. म्हणाल्या, "दुखलं तं चालन, पण पोरांसमोर डोळे लागले तं नाही चालणार." मी समजावलं की सुरुवातीचे दोन-तीन दिवस पेंग येते मग शरीर सवय करून घेतं. त्यांनी पटवून घेतलं पण अट घातली, दुपारचा दोनचा डोस अर्धा. आम्ही अडीच मिलिग्रॅमपासून सुरू केलं, दर चार तासांनी, रात्री झोपताना दुप्पट म्हणजे मध्ये उठायला नको, आणि दुपारचा डोस त्यांच्या म्हणण्याप्रमाणे. चौथ्या दिवशी फोन आला सुनेचा, "सिस्टर, आई काल आडव्या झोपल्या." त्या एका वाक्यासाठी मी ही नोकरी करते असं मला कधी कधी वाटतं.

दुखणं आटोक्यात आल्यावर माणूस बोलायला लागतो. आधी नाही. हे फार सांगावंसं वाटतं, कारण लोक विचारतात पेशंटशी मरणाबद्दल कसं बोलायचं, अरे बाबा आधी त्याची कळ थांबवा, उलटी थांबवा, मग तोच बोलतो. लंडनच्या सिसिली साँडर्स, ज्यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या काळातल्या पेशंटची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं, त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या, आणि त्यांचं म्हणणं होतं की दुखणं नुसतं शरीराचं नसतं, त्यात मनाचं, पैशाचं, नात्याचं, श्रद्धेचं सगळं मिसळलेलं असतं. बाईंच्या बाबतीत हे अक्षरशः दिसलं.

डिसेंबरमध्ये एका भेटीत त्यांनी उशीखालून दोनशे पानी वही काढली. पहिल्या पानावर शाळेतल्यासारखी समास आखून, लाल पेनानं मथळा, 'शिल्लक'. खाली पेन्शनचं खातं, नॉमिनीची नावं, कोणाचे किती द्यायचे, कोणाकडून किती यायचे त्यापुढं 'मागू नये'. मग अंत्यविधी. बाई बौद्ध, आठ वर्षांच्या असताना १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेल्या, मी विचारलं बाबासाहेब दिसले का, तर म्हणाल्या, "खोटं काहून बोलू, पांढरंच पांढरं दिसलं. सगळे पांढऱ्या कपड्यात. ते पांढरं मात्र अजून दिसते." वहीत लिहिलेलं, पांढरी साडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, भन्तेजींना आधी फोन करावा, पुण्यानुमोदनाला जेवणावळ नको, पुस्तकं वाचनालयाला. आणि नेत्रदान, त्याखाली दोन रेघा.

त्या दिवशी मी त्यांना विचारलं की बाई, तुमच्या मते चांगलं मरण म्हणजे काय. त्या म्हणाल्या, "सोदाहरण लिहू का?" आणि मग खरंच बराच वेळ विचार करून बोलल्या. आपल्याकडे लोक काय म्हणतात ते आधी सांगितलं त्यांनी, चालता-बोलता जावं, कोणाच्या हातापाया न पडता जावं, लोकांनी 'सुटली बिचारी' म्हणण्याआधी जावं. म्हणाल्या, हे ज्याला झोपेत हार्ट अटॅक येते त्याच्यासाठी ठीक आहे, मले तं तारीख सांगून आलं आहे, मग माझं मरण वेगळं. मग बोटावर मोजून सांगितलं, डोकं जागेवर पाहिजे, कोणावर बोजा नको, हिशोब पूर्ण पाहिजे, आणि काहीतरी कोणाच्या कामी आलं पाहिजे. मी वाट बघत होते घराचं कधी म्हणतात. म्हणाल्या नाहीत. मला ते तेव्हा खटकलं पण मी पुढं नेलं नाही, आणि इथंच माझी चूक पक्की झाली.

पूर्वी एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक अमेरिकन अभ्यास शिकवला होता, तो मी नंतर परत काढून वाचला. २००० साली वैद्यकीय नियतकालिक 'जामा'मध्ये आला होता, कॅरेन स्टाइनहॉझर आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी ३४० गंभीर आजारी पेशंट, ३३२ नुकतंच माणूस गमावलेले नातेवाईक, ३६१ डॉक्टर आणि ४२९ इतर सेवा देणारे, अशा चारही बाजूंना विचारलं की शेवटी काय महत्त्वाचं. दुखणं नको, तयारी झालेली हवी, माणूस म्हणून वागवावं, यावर सगळ्यांचं जमलं. पण भान शाबूत राहणं, अंत्यविधीची व्यवस्था करून ठेवणं, कोणावर ओझं न होणं, दुसऱ्याच्या उपयोगी पडणं, देवाशी शांतता, हे पेशंटला जितकं महत्त्वाचं वाटलं तितकं डॉक्टरांना वाटलंच नाही. बाईंनी बोटावर मोजलेल्यातले बहुतेक त्याच यादीतले होते, आणि त्यांनी तो अभ्यास काही वाचला नव्हता. त्याच अभ्यासात नऊ गोष्टींना क्रम लावायला सांगितलं तेव्हा दुखणं नसणं सगळ्यात वर, आणि घरी मरणं सगळ्यात खाली आलं. आता ते तिकडचे पेशंट, तिकडची घरं, तिकडचे दवाखाने, आपल्याकडे तेच असेल असं मी म्हणत नाही. पण ही ओळ मी शिकले होते, परीक्षेत लिहिली पण होती, आणि तरी रकान्यात न विचारता 'घर' लिहिलं.

कागदाचं काम डिसेंबरमध्येच झालं. त्याआधी घरात ते लपवालपवीचं एकदाचं संपवावं लागलं. आमचे डॉक्टर आणि मी, मुलगा-सून, मुलगी कामठीहून आलेली, धाकटा व्हिडिओ कॉलवर, आणि बाई. डॉक्टर सुरुवात करायच्या आत बाईच मुलाला म्हणाल्या, "तो कागद आण कपाटामागचा." मुलगा उठलाच नाही, तिथंच चेहरा झाकून बसला. सून उठून घेऊन आली. त्यानंतर केमोचं बोलणं दहा मिनिटांत संपलं, डॉक्टरांनी सरळ सांगितलं काय मिळू शकतं आणि काय त्रास होऊ शकतो, बाई म्हणाल्या नको, धाकटा खूप बोलला, बाईंनी ऐकून घेतलं, आणि परत म्हणाल्या नको.

कोणीतरी मामा लागतात त्यांचे, ते म्हणाले मग विनोबांसारखं अन्न-औषध सोडणार का. पवनार इथून दीड-दोन तासावर, विनोबांनी १९८२ मध्ये शेवटी अन्न, पाणी आणि औषध नाकारून देह ठेवला हे विदर्भात सगळ्यांना माहीत असतं. बाई म्हणाल्या, "ते त्यांचं. माझ्या जिभेला चव आहे तोवर मी खाईन." आणि खाल्लंही. सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला तशी सुनेनं सांबारवडी केली, पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल सोबत घेऊन अर्धी वडी खाल्ली, दुसऱ्या दिवशी त्रास झाला, तरी तिसऱ्या दिवशी उरलेली अर्धी मागितली.

लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार हवेत-नकोत ते आगाऊ लिहून ठेवलेला कागद, त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं. मार्च २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सन्मानानं मरणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं आगाऊ लिहून ठेवायला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची म्हणून प्रत्यक्षात कोणी करत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये कोर्टानं ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बाईंचा एक जुना विद्यार्थीच नोटरी निघाला, घरी येऊन, पाया पडून, शिक्का मारून गेला. व्हेंटिलेटर नको, छाती दाबून परत आणू नका, आयसीयू नको, दुखण्याचं औषध लागेल तेवढं द्या. हे कागद पेशंट स्वतः बोलू शकत नसेल तेव्हासाठी असतात, शुद्धीत असेपर्यंत त्याचं तोंडीच चालतं, हे घरच्यांना दोन-तीनदा सांगावं लागलं. त्यात एक नाव लिहायचं असतं, आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं.

बाईंनी सुनेचं नाव लिहिलं.

मुलगा काही बोलला नाही पण त्याचं तोंड उतरलं. बाई त्याला जवळ बसवून म्हणाल्या, "तुझ्यानं नाही होणार बेटा. तू मले मरू देणार नाहीस." मी त्या खोलीत होते. यापेक्षा प्रेमानं बोललेलं आणि यापेक्षा जास्त लागणारं वाक्य मी ऐकलेलं नाही.

जानेवारीच्या मध्यात परिस्थिती एकदम बिघडली. सकाळी सातला फोन, बाईंनी बोलावलंय, लगेच. गेले तर डोळे परत पिवळे, हातापायावर ओरखडे, रक्ताळलेले. म्हणाल्या, "सिस्टर, एक सुई देऊन मोकळं करता येत नाही का मले?" हा प्रश्न चौदा वर्षांत मला अनेकांनी विचारलाय. उत्तर एकच, नाही, आपल्या देशात तो गुन्हा आहे, आणि ते मी स्पष्ट सांगते. पण तेवढं सांगून उठायचं नसतं. मी खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, बाई, काल रात्री काय झालं. तीन रात्री झोप नव्हती. दुखत नव्हतं, खाज. स्टेंट तुंबला होता, प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत तुंबतोच, पित्त रक्तात चढलं की अशी खाज येते की माणूस कातडी सोलून काढेल, खोबरेल तेल नि थंड पाण्याची पट्टी याला पुरत नाही. त्या रात्री त्यांना मरायचं नव्हतं, त्यांना खाजवणं थांबवायचं होतं.

स्टेंट बदलायचा का यावर आमच्यातच वाद झाला. केमो नको म्हणणाऱ्या पेशंटला परत एन्डोस्कोपीला न्यायचं? पण ही प्रोसिजर आयुष्य ताणायला नव्हती, झोप मिळावी म्हणून होती, आणि तुंबलेल्या नळीत इन्फेक्शन होऊन तापानं तडफडणं हे काही चांगलं मरण नव्हे. बाईंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्या हो म्हणाल्या. या वेळी धातूचा टाकला, जास्त टिकतो. आठवड्यात खाज गेली. ऑपरेशन थिएटर म्हणजे लढाई आणि घर म्हणजे शांती, असं सरळ वाटून देता येत नाही.

त्यानंतरच्या भेटीत, खाज कमी झाल्यावर, मी शेवटी तो घराचा प्रश्न विचारला. खरं तर चुकूनच. म्हणाले, आता काळजी करू नका बाई, आता सगळं घरीच बघू आपण. त्या गप्प. मग म्हणाल्या, "घरीच काहून?"

मी म्हणाले, म्हणजे, तुम्हाला घरीच राहायचंय ना.

"कोण म्हणलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाइलमध्ये मीच म्हटलं होतं.

मग त्यांनी सांगितलं. ११ फेब्रुवारीपासून नातीची बारावी, त्यावर मेडिकलची प्रवेश परीक्षा 'नीट', आणि ती झोपते-अभ्यास करते ते याच खोलीत, बाईंच्याच टेबलावर, ज्यावर उशी ठेवून बाई वाकून बसायच्या. "ह्या खोलीत मी मेली तं पोरगी आयुष्यभर ह्या टेबलावर मलेच पाहीन." आणि ते संडास. सहा पायऱ्या उतरणं जानेवारीत बंद झालं होतं, आता बेडपॅन, आणि सून दुपारी कामावर गेली की मुलगा करायचा. "माझ्या पोरानं माझं लुगडं बदलावं हे मले नाही पाहिजे. त्याला वाटते सेवा करून राहिलो. मले काय वाटते ते कोण पाह्यते. दवाखान्यातल्या बाईला पगार भेटते, तिचे उपकार नाही माझ्यावर." मी विचारलं मग इतके दिवस बोलल्या का नाही. म्हणाल्या, "तुम्ही सगळे इतके खूश होते घर घर करून."

मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसले होते. मॉर्फिनचा दुपारचा अर्धा डोस मी विचारून ठरवला, पोट साफ व्हायचं औषध कोणत्या चवीचं तेही विचारलं, आणि मरायचं कुठं ते त्यांच्या मुलाला विचारलं.

मुलाला सांगणं कठीण गेलं. त्याला वाटलं लोक म्हणतील आईला टाकली. हे खोटं नाही, लोक म्हणतातच. शेवटी बाईंनी स्वतः वस्तीत सांगत सुटायचं ठरवलं, येईल त्याला म्हणायच्या, मी चालली आहे, मीच सांगितलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहा-बारा खाटांच्या एका सेवाकेंद्रात त्यांना हलवलं, घरापासून ऑटोनं वीस मिनिटं. जाण्याच्या आदल्या दिवशी पाचच्या वर्गाला दोनच पोरं आली होती, बाईंनी त्यांना तेराचा पाढा घेतला, आडवं पडून.

केंद्रात सगळं छान होतं असं नाही. रात्री शेजारच्या खाटेवरचे आजोबा ओरडायचे. चहा गोड मिळायचा. दुपारी उन्हानं भिंती तापायच्या, कूलर एकच. नात पेपर झाला की सरळ तिथं यायची, प्रश्नपत्रिका घेऊन, बाई डोळे बारीक करून वाचायच्या आणि झोपून जायच्या. मॉर्फिन आता वाढलेलं, नंतर गिळता येईना तेव्हा कातडीखालून सुईनं. भान शेवटपर्यंत पाहिजे ही त्यांची पहिली अट आम्ही पूर्ण पाळू शकलो नाही, शेवटचे तीन दिवस त्या बहुतेक झोपेतच होत्या, लिव्हर थकलेलं होतं. हे मी त्यांना आधी सांगितलं होतं की असं होऊ शकतं. त्या म्हणाल्या होत्या, "तीन दिवस माफ."

शेवटच्या रात्री सून घरी गेली होती, दोन रात्री जागलेली. मुलगा एकटा. पहाटे तीनला श्वास बदलला, मध्ये मध्ये थांबायचा, वीस सेकंद, पंचवीस, मग परत, आणि घशात घरघर. मुलानं ड्युटीवरच्या सिस्टरला धरलं, सलाईन लावा, ऑक्सिजन लावा, अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, उपाशी मारताय माझ्या आईला. त्यांनी मला फोन केला, मी सुनेला. घरघर ही घशात साठलेल्या पातळ पदार्थाची असते, पेशंटला त्यात गुदमरल्यासारखं होत नाही, एका कुशीवर वळवलं आणि एक इंजेक्शन दिलं की कमी होते. आणि त्या वेळी शरीर पाणी वापरू शकत नाही, सलाईन दिलं तर ते फुप्फुसात नि पायांत साठतं, ओठ ओल्या कापसानं पुसत राहणं हेच त्या वेळचं पाणी. हे सगळं आम्ही मुलाला आधी दोनदा समजावलं होतं. पहाटे तीनला समजावलेलं काही आठवत नाही कोणाला, आणि त्याबद्दल त्याला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. सून फोनवर एवढंच म्हणाली, "अहो, आईंनी लिहून ठेवलं आहे. तुम्ही फक्त हात धरून बसा, मी आलीच." मी पोचले तेव्हा तो हात धरून बसला होता आणि ओला कापूस दुसऱ्या हातात होता.

सकाळी नऊच्या सुमारास बाई गेल्या.

नेत्रपेढीशी आधीच बोलून ठेवलं होतं, कॅन्सर असला म्हणजे डोळे चालत नाहीत असा लोकांचा समज असतो, पण रक्ताचे किंवा डोळ्याचे कॅन्सर सोडले तर बहुतेकदा चालतात, रिपोर्ट बघून पेढी ठरवते. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात. तोवर पापण्या बंद करून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि पंखा बंद, नाहीतर बुबुळ सुकतं. मार्चचं नागपूर, कूलर पण बंद केला. सगळं खानदान घामानं भिजून उभं होतं, कोणी हललं नाही. संमतीवर सही जवळच्या नातेवाइकाची लागते, ती मुलानं केली. वहीतल्या दोन रेघांखालचं काम त्याच्या हातून झालं. टीम आली, वीस मिनिटांत आटोपून गेली, चेहऱ्यावर काही कळत नव्हतं. मुलानं मला विचारलं, "आता पंखा लावू?"

एप्रिलच्या शेवटी मी घरी भेटायला गेले, आम्ही जातोच. सुनेनं उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून परत दिल्या, रिकाम्या पट्ट्यांसकट. मुलगा नीट बोलला माझ्याशी पण बायकोशी अजून कमीच बोलतो असं ती म्हणाली, त्या कागदावरच्या नावावरून, कधी सुटेल माहीत नाही. नात आतल्या खोलीत त्याच टेबलावर नीटचा अभ्यास करत होती, परीक्षेला आठवडाच राहिला होता. मी तिला सांगितलं की आजी तुझ्यासाठी म्हणूनच तिकडं गेल्या, तुला ही खोली जड होऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "माहीत आहे. पण मला चाललं असतं आजी इथंच असती तं. मी रात्री जागीच असायची ना, एकदीड वाजेपर्यंत. तिला पाणी दिलं असतं." पेनचं टोपण लावलं तिनं. "मला कोणी विचारलंच नाही."